ठेक्याचे शनिवार

डेपोत तिला नावाने कुणी हाक मारत नसे. ती ड्युटीताई. कोणत्या ड्रायव्हरने कोणत्या दिवशी कोणती बस काढायची, हे ठरवणारा प्रोग्राम तिने लिहिला होता, तिनेच तो वाढवला होता आणि तो आजारी पडला की औषधपाणीही तिलाच करावं लागे. दर गुरुवारी पुढच्या आठवड्याचा तक्ता बोर्डावर लागायचा आणि लगेच तिच्या खिडकीशी रांग लागायची. कुणाला पहाटेची ड्युटी नको, कुणाला मेहुण्याच्या लग्नाला जायचंय, कुणाला बाजारातला रूट म्हटलं की पोटात गोळा येतो. ती सगळ्यांना एकच उत्तर द्यायची, "मी नाही हो लावत, प्रोग्राम लावतो." हे उत्तर तिची ढाल होती. जग चालवणाऱ्यानेही असंच काहीतरी सांगून आपली सुटका करून घेतली असणार.

तिची पंचेचाळिशी उलटली होती. लग्न झालं नव्हतं, आणि का झालं नाही याची कारणं नातेवाइकांना तिच्यापेक्षा चांगली पाठ होती. भावाच्या घरात मागची खोली तिची. तिथे दोन जुने स्पीकर होते आणि त्यातून तिचं रॉक वाजायचं. वहिनी मनाने चांगली, पण जिभेला हाड नाही. दारातून डोकावून म्हणायची, "वन्सं, तुमची ती भांडी जरा हळू पाडा, बाहेर पाहुणे आलेत."

आणि शनिवारी संध्याकाळी बास्केटबॉल. कॉलेजात ती स्वतः खेळायची. उंची बेताची, पण पाय वाऱ्यासारखे. आता शहराच्या संघाचे सामने बघायला ती खेळांच्या हॉलमध्ये जायची. हा संघ दरवर्षी तळाशी असायचा, इतका नेमाने की त्यातसुद्धा एक शिस्त दिसावी. खेळाडूंच्या बायका, दोनचार निवृत्त मंडळी आणि ती, एवढेच प्रेक्षक शेवटपर्यंत टिकायचे.

एकदा असाच एक सामना हातचा गेला होता. खेळ थांबला की हॉलमध्ये जाहिराती वाजायच्या, म्हणून ती कानात आपलं गाणं लावून बसायची. त्या दिवशी खालच्या ओळीतला एक माणूस लोखंडी कठड्यावर बोटं वाजवत होता. थोडं ऐकल्यावर तिच्या लक्षात आलं की तो तिच्याच कानातलं गाणं वाजवतोय. आवाज बाहेर फुटत असणार. पण ठेका मात्र किंचित पुढे पळत होता.

तिला राहवलं नाही. "तुम्ही घाई करताय," ती म्हणाली.

त्याने वळून पाहिलं. "अरे, ड्युटीताई! घाई मी नाही करत, तो ड्रमर करतो. या गाण्यात तो पहिल्यापासून पुढेच पळतो. नीट ऐका."

तो डेपोतलाच ड्रायव्हर निघाला. बस सिग्नलला उभी राहिली की स्टिअरिंगवर बोटं वाजवायची सवय, म्हणून सगळे त्याला ठेका म्हणत. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी लग्न होऊन दूरच्या गावी. तिने गाणं पहिल्यापासून लावलं. इतकी वर्षं ऐकत होती, पण ड्रमर खरंच पुढे पळत होता. तिला स्वतःचा राग आला आणि लगेच हसूही आलं. सामना संपल्यावर दिवे बंद करायला आलेल्या माणसाने खाकरून सांगेपर्यंत दोघं तिथेच बोलत बसली.

पुढच्या शनिवारी तो आला नाही. बोर्डावर त्याची संध्याकाळची ड्युटी लागली होती. तिनेच लावली होती, म्हणजे प्रोग्रामने. तिने सामना पाहिला, पण कान सारखे त्या कठड्याकडे. घरी आल्यावर वहिनीने विचारलं, "हरले का?" तर तिला पटकन आठवेना.

सोमवारी तिने प्रोग्राम उघडला. त्यात काही अपवाद आधीपासून होते. एकाच्या डोळ्यांना अंधारात कमी दिसतं, त्याला रात्रीची बस नाही. एकाची कंबर धरते, त्याला घाटाचा रूट नाही. त्यांच्या खाली तिने ठेक्याचा बिल्ला नंबर टाकला आणि पुढे लिहिलं, शनिवार संध्याकाळ नाही. बाकीच्यांपुढे कारण लिहिलेलं होतं. त्याच्यापुढची जागा तिने कोरी ठेवली.

मग ते शनिवार सुरू झाले. ठेका आता तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसायचा. डेपोत तोही ताई म्हणायचा, पण हॉलमध्ये त्याने तो शब्द एकदाही उच्चारला नाही, आणि हे तिच्या नजरेतून सुटलं नव्हतं. संघातला लंबू हातातोंडाशी आलेली संधी घालवायचा तेव्हा दोघं एकदमच कपाळावर हात मारायची. "काय नशीब आहे बघा माझं," तो म्हणायचा. "सगळ्यांचे शनिवार जातात, माझे सामन्याचे नेमके मोकळे." ती बूट बघत हसायची.

एकदा तो म्हणाला, "मला ते शिकवाल का? तुमचं प्रोग्राम लिहिणं. लंबू कुठून मारतो आणि कुठून हुकतो, ते मला मांडून बघायचंय."

या वयात माणसं गुडघ्यांची चौकशी करतात, आणि हा कोड शिकायला निघाला होता. पुतण्याचा जुना लॅपटॉप घेऊन जेवणाच्या सुट्टीत तो डेपोतल्या तिच्या खोलीत येऊ लागला. डब्यातली भाजी एकमेकांना देत दोघं स्क्रीनकडे बघत बसायची. एकच ओळ पुन्हा पुन्हा चालवणं त्याला गाण्याइतकं चटकन समजलं. "म्हणजे कडवं बदलतं, ठेका तोच," तो म्हणाला, आणि पुढे तिने तो धडा दुसऱ्या कुठल्याही पद्धतीने शिकवला नाही. एक नियम मात्र तिने पहिल्याच दिवशी सांगितला होता. "उत्तर विचित्र आलं तर आधी चूक आपली धरायची."

या सगळ्यात एक माणूस भरडला जात होता. लग्नाच्या आठवड्यातच कामावर लागलेला एक तरुण ड्रायव्हर, म्हणून त्याचं नाव नवरदेव. आता तो बाप झाला होता तरी नाव काही सुटलं नव्हतं. ठेक्याचे बरेचसे शनिवार नेमके त्याच्या वाट्याला जायचे. त्याची बायको शनिवारी संध्याकाळी दवाखान्यात कामाला जायची आणि तान्ही पोर शेजारणीकडे राहायची. तो खिडकीशी येऊन विचारायचा, "ताई, माझ्या शनिवारांना काय लागलंय हो?"

"प्रोग्राम लावतो," ती म्हणायची. आता हे म्हणताना ती त्याच्याकडे न बघता स्क्रीनकडे बघायची. पण शनिवार आला की ती केस नीट विंचरून हॉलकडे निघायची. प्रेमाने माणूस चांगला होतो असं म्हणतात. ती तर चांगलीच लबाड झाली होती.

एका दुपारी ठेका लॅपटॉप उघडून तिच्यासमोर बसला. सरावासाठी त्याने बोर्डावरचे गेल्या काही महिन्यांचे तक्ते घेतले होते आणि कुणाला कोणत्या वेळेची ड्युटी किती वेळा लागली, हे मोजणारा प्रोग्राम लिहिला होता.

"जरा चूक शोधून द्या," तो म्हणाला. "सगळ्यांचं बरोबर येतंय. नवरदेवाचे शनिवार तर ढीगभर. फक्त माझ्यापुढे शून्य येतंय. एखाददुसरा कमी असता तर नशीब म्हटलं असतं, पण शून्य कसं येईल? तुमच्या नियमाप्रमाणे आधी माझीच चूक धरली. दोन दिवस डोकं खाजवतोय, सापडतच नाही."

तिने त्याचा प्रोग्राम वरपासून खालपर्यंत वाचला. स्वच्छ लिहिला होता, एक ओळ जास्तीची नाही. मास्तरणीला अभिमान वाटला आणि त्याच क्षणी आपली चोरी उघडी पडल्याचंही कळलं. काहीतरी इकडचं तिकडे करून "ही बघा चूक" म्हणणं तिला सहज शक्य होतं. त्याने विश्वास ठेवला असता. तिचं बोट कीबोर्डवर गेलंसुद्धा. मग तिने हात मांडीवर घेतला.

"तुमचा प्रोग्राम बरोबर आहे," ती म्हणाली.

त्याने पुन्हा ते शून्य पाहिलं. "म्हणजे ते नशीब नव्हतं."

"नव्हतं. मी होते."

"का पण?"

"तुम्ही नसलात की मला सामना बघवत नाही," ती म्हणाली. आता तोंड उघडलंच होतं तर अर्ध्यावर कुठे थांबायचं? "आणि सामना तर नुसतं निमित्त आहे."

त्याची बोटं टेबलावर होती, पण ती वाजत नव्हती. तो नवरदेवापुढचा आकडा बघत राहिला. "त्याची पोर शेजारणीकडे रडत असते," तो हळू म्हणाला. "मला विचारायचं तरी होतंत."

"काय विचारायचं होतं?"

"काहीही."

त्याच्यादेखत तिने ती ओळ काढून टाकली. दुसऱ्या दिवशी नवरदेवाला खिडकीशी बोलावून, काय केलं आणि कशासाठी केलं, ते सगळं सांगितलं आणि माफी मागितली. पुढे कितीतरी दिवस तो बसची किल्ली तिच्या खिडकीत आपटून ठेवायचा.

पण खरी गोम गुरुवारी बाहेर आली. तक्त्यात शनिवार संध्याकाळ ठेक्याला. पुढच्या गुरुवारी तेच. त्याच्या पुढच्या गुरुवारीही तेच. आणि मग तिच्या डोक्यात प्रकाश पडला. ज्याच्या वाट्याला एखादी ड्युटी सगळ्यात कमी आली असेल, त्याला ती आधी द्यायची, हा नियम तिनेच बसवला होता. वरून साहेबांनी त्याचं कौतुकही केलं होतं. आता ठेक्यापुढे जवळपास शून्य होतं आणि बाकीच्यांपुढे ढीग. तो त्यांच्या बरोबरीला येईपर्यंत प्रोग्राम त्याला सोडणार नव्हता, आणि तोवर तो निवृत्त होणार होता.

तिने त्याला हे सांगितलं. "तुमचा मागचा आकडा बदलता येईल," ती म्हणाली. "एक ओळ लागेल."

"अजून एक?" तो म्हणाला. रागाने म्हणाला असता तर बरं झालं असतं.

त्या हंगामात ती एकटीच हॉलमध्ये जायची. शेजारच्या खुर्चीवर आपली पिशवी ठेवायची. कुणी विचारलं, "इथे कोणी आहे का?" तर म्हणायची, "येतायत." रिकाम्या हॉलमध्ये जागेची काही टंचाई नव्हती, पण ती पिशवी उचलत नसे. ठेक्याची बस हॉलवरूनच जायची आणि मध्यंतराच्या सुमारास समोरच्या थांब्यावर यायची. ती बाहेर जाऊन उभी राहायची. दार उघडलं की सांगायची, "आठने मागे."

"लंबू?"

"डावीकडून हुकतोय."

"सांगत होतो," तो म्हणायचा. तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडायचं, "ओ, सोडा की बस!" आणि दार बंद व्हायचं. आठवडाभर ती या एवढ्यावर निभवायची. कधीकधी दार बंद झाल्यावरही स्टिअरिंगवरची बोटं काचेतून दिसायची. ऐकू काही येत नसे. कोणतं गाणं असेल, याचा विचार करत ती आत जायची.

हंगामाचा शेवटचा सामना आला. जिंकले तर वरच्या गटात टिकणार होते, म्हणून कधी नव्हे तो हॉल भरला. पिशवीवरून तिची तिघांशी बाचाबाची झाली. "येतायत म्हणता, येत तर कोणी नाही," एक बाई फणकारली. त्या वाक्याने तिच्या डोळ्यांत पाणी आलं, कारण खोटं त्यात काहीच नव्हतं. आणि मध्यंतराला संघ चक्क सहाने पुढे होता. ही बातमी ओंजळीत पाणी न्यावं तशी जपत ती थांब्यावर गेली.

बस आली. दार उघडलं. स्टिअरिंगवर नवरदेव.

तिने दाराचा दांडा धरला. "ठेका... बरे आहेत ना?"

"त्यांना काय धाड भरलीय?" नवरदेव म्हणाला. त्या दिवसानंतर तो पहिल्यांदाच तिच्याशी नीट बोलत होता. "काल घरी आले होते. म्हणाले, एक शनिवार घेतोस का? साहेबांची सहीसुद्धा आणली होती. पोरीला आज सासूबाई बघतायत, मग म्हटलं घेतो. एवढंच की हो, ताई. आधी कुणी विचारलंच नव्हतं."

"मग ते कुठे आहेत?"

"आत! आताच मागच्या दाराशी सोडलं. तुम्ही कशाला बाहेर आलात?"

ती पळत आत गेली. कॉलेजनंतर इतकी जोरात ती पहिल्यांदाच पळाली असेल. ठेका इस्त्रीचा शर्ट घालून तिच्या खुर्चीपाशी उभा होता. पिशवी जागच्या जागी होती, त्याने तिला हातसुद्धा लावला नव्हता. मागचे लोक "बसा, बसा" म्हणून ओरडत होते.

तो तिच्याकडे बघून म्हणाला, "इथे कोणी आहे का?"

हंगामभराचं उत्तर तिच्या ओठांवर आलं होतं. तिने पिशवी उचलली.

तो बसला. खेळ सुरू झाला. बऱ्याच वेळाने, मैदानावरची नजर न काढता ती म्हणाली, "पुढच्या शनिवारी ड्युटी तुमचीच आहे."

"माहीत आहे," तो म्हणाला. "त्याच्या पुढच्याही."

त्याची बोटं कठड्यावर वाजू लागली, ठेका नेहमीसारखाच किंचित पुढे पळत होता. आणि ड्युटीताईला वाटलं, याने आज तरी घाई करू नये.