आईच्या मूत्रपिंडांची सूज

माझी आई दिवाळे गावची कोळीण. चाळीस वर्षं मासळी विकतेय. दोन वर्षांपूर्वी तिची कंबर सारखी दुखायला लागली म्हणून मी तिला सोनोग्राफीला नेलं.

"लघवी दाटेपर्यंत पाणी प्या," काउंटरवरच्या बाई म्हणाल्या. मी आज्ञाधारक मुलगा. एकामागून एक तीन बाटल्या पाजल्या. नंबर यायला दोन तास लागले. आई मांड्या आवळून बसून होती. मधूनमधून माझ्याकडे बघायची, तेही शिळ्या बोंबलाकडे बघावं तसं.

रिपोर्ट आला. दोन्ही मूत्रपिंडं फुगलेली, वरच्या नळ्या रुंदावलेल्या. खडा दिसत नाही. कारण शोधावं.

घरातल्या सगळ्यांनीच शोधायला घेतलं. शेजारणीने कुळथाचं पाणी आणलं, मामाने पानफुटीची पानं. बायकोने मोबाईलवर असं काही वाचलं की ती रडायलाच लागली. आईने पाणी प्यायलं, पानं चावली आणि सुनेला म्हणाली, "रडू नको. मी बरी हाय. रडून तुला काय झाला तं माझी भाकरी कोन करील?"

वाशीच्या लघवीच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी रिपोर्ट वाचला आणि विचारलं, "मावशी, त्या दिवशी लघवी किती वेळ धरली होती?"

आईने माझ्याकडे बोट केलं. "याला इचारा. यानंच माजी टाकी केली."

डॉक्टरीणबाई हसल्या. त्यांनी लघवीची पिशवी भरलेली असताना सोनोग्राफी करून एकदा बघितलं, मग आईला लघवीला पाठवलं आणि पुन्हा बघितलं. सूज गायब! लघवीची पिशवी नको तितकी भरली की वरचं पाणी खाली उतरत नाही, तुंबलेल्या मोरीसारखं, असं त्यांनी समजावलं. कंबर दुखत होती ती मासळीच्या पाट्या उचलून.

मी उठायलाच लागलो होतो, तेवढ्यात त्यांनी विचारलं, "आणि बाजारात असताना कधी जाता?"

आईने पदर सारखा केला. मग म्हणाली, "जात नाय. संडासाला कुलूप असतंय. सकाळी निघते ती दुपारी घरीच."

चाळीस वर्षं. मी तिचीच मासळी खाऊन वाढलो आणि हे मला ठाऊक नव्हतं.

"रोज असं धरून ठेवलंत तर सूज खरीच येईल," म्हणत डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठीवर लिहिलं, दर तीन तासांनी लघवीला जाणे.

दुसऱ्या दिवशी आई ती चिठ्ठी घेऊन बाजाराच्या मुकादमासमोर उभी राहिली. चावी त्याच्याच खिशात असायची.

"साहेबांच्या परवानगीशिवाय उघडता येत नाही," तो म्हणाला.

"बरा," आई म्हणाली, "डाक्टरनी लिवलंय तीन तासांनी जायाचं. तीन तास झालं. मी हितंच बसते, तुज्या टेबलामागं." आणि तिने खरोखरच लुगडं वर खोचायला घेतलं.

मुकादमाने चावी अशी काढली की खिशाचं अस्तरही बाहेर आलं. तेव्हापासून ती चावी कोळणींकडेच असते. एक उठली की शेजारची तिची पाटी सांभाळते, आणि गिऱ्हाईक आलं तर भावही तीच करते, जरा चढाच.