स्कूटरचा हेवा

"हलकीच हाय रं. उचल."

माझ्याबद्दल बोलत होते. माझ्या डोक्यावरून, एकमेकांशी.

सांगलीतल्या एका नाट्यगृहाच्या पायऱ्यांखाली मी व्हीलचेअरवर बसले होते. गावातल्या चित्रपट महोत्सवाचं उद्घाटन होतं. महोत्सवाचे पिवळे टी-शर्ट घातलेली चार पोरं आली. मला कुणी काही विचारलं नाही. दोघांनी खुर्ची पुढून धरली, दोघांनी मागून, आणि मी हवेत. खुर्ची मागं कलली. एका पायातली चप्पल निसटून खाली पडली. ओढणी घसरली ती सावरता येईना, कारण दोन्ही हातांनी मी खुर्चीचे दांडे धरून ठेवले होते.

"ताई, इकडं बघा की. हसा जरा," फोटोवाला म्हणाला.

मी हसले. आज लिहिताना कान तापतात, पण हसले हे खरं आहे.

वर माइकवर एक बाई सांगत होत्या, "आपला महोत्सव सर्वांसाठी आहे. आपले दिव्यांग बंधू-भगिनीही आज आपल्यात उपस्थित आहेत." टाळ्या पडल्या. मी अजून पायऱ्यांवरच लोंबकळत होते. बंधू-भगिनी म्हणजे सगळी मिळून मी एकटीच होते.

मागून माझी धाकटी बहीण सुवर्णा चप्पल हातात घेऊन आली. ती शाळेत शिक्षिका आहे आणि महोत्सव भरवणाऱ्या फिल्म क्लबमध्येही आहे. तिच्यामुळंच मला सिनेमाचं वेड लागलं. आम्ही दोघी मोबाइलवर डोकं जोडून कुठले कुठले सिनेमे बघायचो. मोठ्या पडद्यावर, अनोळखी माणसांच्यात बसून बघायचा, ही माझी कितीतरी दिवसांची हौस. पास मी स्वतः काढला होता.

पोरांनी मला आत नेऊन पहिल्या रांगेच्याही पुढं, पडद्याच्या अगदी पायथ्याशी, कडेला लावलं. बसवलं म्हणवत नाही, लावलंच.

"तायडे, तू निवांत बस हितं. मी मागं जाते, हितनं मान दुखती माझी," सुवर्णा म्हणाली आणि गेली.

सिनेमा सुरू झाला. माणसांची तोंडं तिरकी, लांबट दिसत होती. खालची इंग्रजी अक्षरं वाचायची तर मान पार खांद्याला लागेपर्यंत वळवावी लागायची. सिनेमाही रटाळ होता, उगाच कशाला खोटं सांगू. मध्येच एक गृहस्थ उठले. पँट झटकली, शेजाऱ्याला काहीतरी पुटपुटले आणि चालू लागले. दाराचा पडदा हलला. गेले. आवडला नाही, गेले!

त्या माणसाचा मला जो हेवा वाटला तो मी आयुष्यात विसरणार नाही. मलाही सिनेमा आवडला नव्हता. पण मला उचलणारी पोरं चहाला गेली होती आणि ती खेळ संपल्यावर येणार होती. तोवर मी तिथंच. लघवीला जायची सोय नाही म्हणून मी सकाळपासून पाणी प्यायले नव्हते. बाहेर पडणारी आमच्यासारखी माणसं असंच करतात, घसा कोरडा ठेवतात.

मला हेवा फार वाटतो. घरात सगळ्यांना ठाऊक आहे. लोक जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढतात, माझ्या पोटात दुखतं. सुवर्णा गाडीला किक मारते आणि "आलेच" म्हणून भुर्रकन जाते, माझा जळफळाट होतो. लहानपणापासून ऐकत आले, हेवा वाईट, हेवेखोर माणसाचं भलं होत नाही. मीही तो झाकून ठेवायला शिकले होते. फोटोवाला हसा म्हणाला की हसायचे.

पण त्या दिवशी खेळ संपल्यावर जे बघितलं, त्यानं झाकण उडालं.

पोरं मला बाहेरच्या दालनात आणून टेकवून गेली. गर्दी कमी झाली की खाली उतरवू म्हणाली. समोर एक नवीकोरी स्कूटर उभी होती. महोत्सवाच्या प्रायोजकाची. लाल गालिचा, झेंडूचा हार, वर दिव्याचा झोत. पोरी तिच्याशेजारी उभ्या राहून सेल्फी घेत होत्या. मी बघत राहिले. एवढी जड स्कूटर इतक्या पायऱ्या चढून वर आली कशी?

दाराशी नाट्यगृहाचे शिपाईमामा बसले होते. त्यांना विचारलं.

"रॅम्प लावला हुता की," मामा म्हणाले. "लोखंडी. ढकलत आणली वर."

"मग आता कुठं आहे तो?"

"मागं ठिवलाय, शेडात. गाडी उतरवायच्या टायमाला लावतील परत."

ऐकलं आणि सगळं अंग पेटलं. मला स्कूटरचा हेवा वाटला. माणसाचा वाटतो तसा, खराखुरा. तिला कुणी हवेत लोंबकळवलं नव्हतं. हलकी आहे का जड, यावर चर्चा झाली नव्हती. तिला ओरखडा पडू नये म्हणून वाट केली होती. ती आपल्या चाकांवर वर आली होती. चाकं तर मलाही होती.

मी मार्केट यार्डात एका हळद व्यापाऱ्याकडं काम करते. बिलं काढते, फोन घेते. दुकानाचे मालक अण्णा, जैन गृहस्थ, मोजकं बोलणारे. तिथं मी कुणाला हाक न मारता आत-बाहेर करते, कारण दुकानाला उतार आहे. मला वाटायचं, अण्णांनी माझ्यासाठी केला असेल. दुसऱ्या दिवशी कामावर गेले तेव्हा न राहवून विचारलं.

"तुज्यासाटी कुठला गं? पोत्यांच्या हातगाडीसाटी हाय," अण्णा एक हळकुंड मोडून बघत म्हणाले. "तू यायच्या आदीपास्नं हाय."

त्यांनी काही लपवलं नाही, त्यांचा राग नाही. पण इतकी वर्षं मी पोत्यांच्या वाटेनं जगत होते. माल जिथं जातो तिथं मी जाऊ शकते. माणसं जिथं जातात तिथं मला उचलावं लागतं.

संध्याकाळी महोत्सवाचं सगळं बघणाऱ्या सरांना मी पायऱ्यांखालीच गाठलं. निवृत्त प्राध्यापक, गोड बोलणारे, खादीचा झब्बा. सगळं ऐकून घेतलं त्यांनी.

"अहो ताई, तो रॅम्प गाडीसाठी आहे. आणि दर्शनी पायऱ्यांवर लोखंड पडलं की कसं दिसतं, तुम्हीच सांगा. आपली मुलं आहेत ना! किती प्रेमानं उचलतात. त्यांनासुद्धा सेवेचं समाधान मिळतं."

"मला नाही मिळत, सर."

ते हसले. मी विनोद केला असं त्यांना वाटलं. "समारोपाला नक्की या," म्हणाले. "जिद्दी प्रेक्षक म्हणून तुमचा सत्कार ठेवलाय."

मधले दिवस पोरांनी उचलून नेलं तशीच वर गेले. समारोपालाही गेले. रिक्षातून उतरले आणि पायऱ्यांसमोर थांबले. पिवळ्या टी-शर्टवाली पोरं धावत आली.

"हात लावू नका," मी म्हणाले.

आवाज माझा मलाच अनोळखी वाटला. पोरं थबकली. एकजण म्हणाला, "आवं ताई, आमी रोजच उचलतोय की तुमास्नी."

"म्हणूनच. आता नाही."

लोक थांबून बघायला लागले. सर खाली आले. घड्याळ बघितलं. कपाळाला आठ्या आल्या, पण आवाज गोडच ठेवला. पोरांना म्हणाले, "तो रॅम्प आणा रे. होऊ दे ताईंच्या मनासारखं."

रॅम्प आला. चौघांनी खणखणत आणून पायऱ्यांवर टाकला. बघताक्षणी कळलं. तो माझ्या खुर्चीपेक्षा अरुंद होता. एक चाक लोखंडावर, तर दुसरं हवेत. आणि चढ असा उभा, की स्कूटर चार जणांनी ढकलली म्हणूनच चढली असणार. मी वर बघत राहिले. ज्याच्यासाठी जळत होते, ते माझ्या कामाचंच नव्हतं.

"ताई, बसा तुमी. आमी बाजूनं धरतो, पडू देत न्हाई," पोरगा म्हणाला. मनानं चांगला होता तो.

"नको."

"म्हणजे आता हेही नको?" सरांचा गोडवा संपला. "एका व्यक्तीसाठी आम्ही किती करायचं?"

"मी एकटी दिसते, कारण बाकीचे घरात बसलेत," मी म्हणाले. "मला स्कूटरचं उरलेलं नको. माझ्या मापाची वाट पाहिजे. पास काढलाय मी."

सर वर निघून गेले. मग सुवर्णा उतरली. नवी साडी, केसात गजरा. बाहेर शिक्षिकेसारखं शुद्ध बोलणारी माझी बहीण रागावली की आमच्या गावाकडचं बोलते.

"तायडे, समद्यांसमोर शोभा करतीस व्हय माझी? चार पायऱ्यांसाटी?"

"माझी रोज होते ती?"

"तुझी!" ती एकदम पेटली. "कायम तुझंच. तू घोड्यावर असायचीस आन् मी मागनं चालत. पाय भाजायचं माझं. मला कवा कुणी उचललं गं?"

आम्ही जतकडच्या मेंढपाळ घरातल्या. दिवाळीनंतर वडील मेंढरं घेऊन निघायचे. घोड्यावर बिऱ्हाड, बिऱ्हाडावर नुकती जन्मलेली कोकरं आणि त्यांच्याशेजारी मी, कारण पोलिओनं माझे पाय गेले होते. सुवर्णा धाकटी असून आईचा पदर धरून चालायची. घोड्यावरून मी तिचा हेवा करायची. तिला चालता येतं म्हणून. ती खालून माझा करायची, हे मला त्या पायऱ्यांसमोर पहिल्यांदा कळलं.

पण मी हलले नाही. तिचं दुःख खरं होतं. माझंही खरं होतं. एकानं दुसरं मिटत नाही.

ती वर गेली. पायऱ्या रिकाम्या झाल्या. आतून माइक ऐकू येत होता. माझं नाव पुकारलं. मग त्याच बाईंचा आवाज आला, "काही कारणाने त्या मंचावर येऊ शकत नाहीत. त्यांच्या वतीने त्यांच्या भगिनी सत्काराचा स्वीकार करतील."

काही कारणाने! कारण माझ्या नाकासमोर होतं, दगडाचं, एकावर एक रचलेलं. आत टाळ्यांचा कडकडाट झाला. माझ्या जिद्दीला. जिद्द खाली बसली होती आणि सत्कार वर चालला होता. त्यानंतर शेवटचा सिनेमा लागला. सगळे ज्याच्याबद्दल आठवडाभर बोलत होते तोच. दारातून नुसता आवाज यायचा. लोक हसले की मीही कान टवकारायची, कशाला हसले ते कळायचं नाही. आतल्या प्रत्येक माणसाचा मला हेवा वाटत होता. शेवटच्या रांगेत झोपलेल्याचासुद्धा.

खेळ सुटल्यावर सुवर्णा खाली आली. हातात शाल. डोळे चमकत होते. "टाळ्या लय वाजल्या, तायडे," म्हणाली आणि शाल माझ्या मांडीवर ठेवायला वाकली.

"तू घेतलीस, तूच ठेव," मी म्हणाले.

तिनं ठेवली. आजही तिच्या कपाटात आहे. आम्ही दोघी त्यावर बोलत नाही.

मी मात्र वर्षभर घरात बसलेल्यांना शोधत फिरले. मिरजेत एक बहिरा शिंपी भेटला. तो म्हणाला, म्हणजे लिहून दाखवलं, की परदेशी सिनेमाला खाली अक्षरं असतात, मराठीला नसतात. "माझी भाषा मराठी असून मराठी सिनेमाच मला बंद," असं त्यानं लिहिलं. इस्लामपूरच्या एक अंध बाई म्हणाल्या, "पडद्यावर काय चाललंय ते कुणी कानात सांगितलं, की पुढचा-मागचा गप बसा म्हणतोय. मग मी जायचंच सोडलं." मी दोघांना विचारलं, तुम्हाला हेवा वाटतो का? शिंप्यानं मान जोरात हलवली. बाई आधी नाही म्हणाल्या, मग म्हणाल्या, "लय वाटतो गं."

तेव्हापासून मी हेवा झाकत नाही. जे माझंही आहे आणि माझ्यापासून काढून घेतलंय, तिथंच तो उठतो. कुणाच्या बंगल्याकडं बघून माझ्या पोटात कधी दुखलेलं नाही. दुखतं ते दारापाशी.

परवा सरांचा फोन आला. यंदाचा महोत्सव आधी साताऱ्याला, मग सांगलीला. "ताई, झालं गेलं विसरा. या वेळी आम्ही जास्त मुलं ठेवलीत. कसं उचलायचं याचं प्रशिक्षणसुद्धा दिलंय."

"उतार केलाय का?"

"त्याचा विचार चालू आहे."

"मग माझाही विचार ऐका," मी म्हणाले. ऐकायला ते थांबले नाहीत, म्हणून इथं लिहिते.

मी साताऱ्याला जाणार आहे आणि सांगलीलाही. पास काढलाय. शिंपी येणार आहे, इस्लामपूरच्या बाई येणार आहेत. पहिल्या खेळाच्या आधी, पायऱ्यांच्या पायथ्याशी, अगदी मधोमध मी माझी खुर्ची लावीन. मी स्वतः. दोन्ही चाकांचे ब्रेक ओढीन. वर जायचंय त्यांनी मला वळसा घालून जावं, आणि जाताना माझ्या तोंडाकडं बघावं. फोटो काढायचा असेल तर काढा. मी हसणार नाही. कुणी उचलायला वाकला, तर त्याचा हात मी धरीन आणि पायरीकडं वळवीन, म्हणेन, मला नको, उचलायची तर ही पायरी उचल.

यंदा नाही झालं तर पुढल्या वर्षीही मी तिथंच असणार.