इसिदोरोसचं कातडं

सामोस बेटावरच्या कार्लोवासी गावात समुद्राला चिकटून चामड्याचा एक कारखाना होता. इसिदोरोस वुर्लिओतिस बाराव्या वर्षी तिथे लागला आणि कारखाना बंद पडेपर्यंत, म्हणजे त्रेचाळीस वर्षं, तिथेच राहिला. चुन्याच्या हौदातून भिजलेलं कातडं काढायचं, लाकडी ओंडक्यावर पसरायचं, दोन मुठींच्या सुरीने आधी केस खरवडायचे आणि मग ते उलटं करून मांस खरवडायचं, हे त्याचं काम. त्याच्या अंगाला येणारा वास एक तो सोडून सगळ्यांना यायचा. त्याची बायको झाबेता म्हणायची, "हा घरी यायला निघाला की मला आधी कळतं आणि कुत्र्याला मागाहून."

तिकडच्या भाषेत बुटाचं चामडं आणि माणसाच्या अंगावरची कातडी, दोन्हींना एकच शब्द आहे: देर्मा. त्यामुळे कुणाची कधी अडचण झाली नव्हती.

पूर्वी ओकच्या फळांच्या वाट्या कुटून त्या पाण्यात कातडी कमावत. त्याला महिनोन्‌महिने लागत. एकोणीसशे सत्तावन्न साली मालक लिकुर्गोस याने नारिंगी पावडरीची पिंपं आणवली. आता तेच काम तीन-चार दिवसांत व्हायला लागलं. मालक खूश झाला. सहा महिन्यांनी इसिदोरोसच्या हातांवर वाटाण्याएवढी गोल भोकं पडली, कुणी छिन्नीने पाडावीत तशी. फारशी दुखत नव्हती, पण भरतही नव्हती. त्याने त्यांवर फडकं बांधलं आणि घरी सांगितलं की सुरी लागली. सातव्या भोकानंतर झाबेता म्हणाली, "आता ती सुरी बदल."

त्याच वर्षी गावात एक डॉक्टरीणबाई आल्या. सलोनिकीच्या पोलिक्सेनी व्रानू. वय तीस, लग्न नाही, पायात सपाट बूट. त्यांनी दारावर पाटी लावली आणि शिरस्त्याप्रमाणे दोन्ही पदव्या लिहिल्या: देर्मातोलोगोस, अफ्रोदिसियोलोगोस. पहिल्याचा अर्थ कातड्याचं ज्ञान असणारी. दुसऱ्यात प्रेमाची देवी अफ्रोदिती हिचं नाव होतं, आणि तिच्या नावावर कुठले आजार खपतात ते गावाला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. लांबलचक शब्द, पण सगळे घरचेच, त्यामुळे पोराटोरांनासुद्धा वाचता आले. परिणामी चार महिने त्या दारात कुणीही पाय टाकला नाही.

इसिदोरोसचा डावा अंगठा मिटेनासा झाला तेव्हा मात्र तो घाबरला. सुरी धरता आली नाही तर मालक दुसरा माणूस बघणार, हे उघड होतं. दोन दिवस विचार करून त्याने वासराचं एक चांगलं कमावलेलं कातडं खांद्यावर टाकलं आणि भर दुपारी कॉफीच्या दुकानावरून निघाला. त्याच्याबरोबर काम करणारा पांदेलिस तिथे बसला होता.

"कुठे रे, कातडं घेऊन?"

"डॉक्टरीणबाईंच्या खुर्चीला लावायचंय."

"लाव की. पण पाटीच्या पहिल्या शब्दापाशीच थांब. दुसऱ्यापर्यंत जाऊ नकोस."

भोकांभोवती आग होते असं त्याने सांगितल्यावर बाईंनी हात उजेडात धरून बराच वेळ पाहिला. "एपिदेर्मिदा पार गेली आहे," त्या म्हणाल्या. "भोक देर्मापर्यंत उतरलंय."

"एपि म्हणजे वर," इसिदोरोस म्हणाला. "वरचं कातडं. ते आम्ही केसांबरोबरच खरवडून टाकतो, त्याचा काही उपयोग नसतो. चामडं होतं ते त्याच्या खालच्या थराचं. त्याच्याही खाली मांसाची बाजू."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "हे कळायला तुम्हाला किती दिवस लागले?"

"एक दुपार. तुम्हाला?"

"सहा वर्षं."

"बरं, मला झालंय काय?"

"देर्मातितिदा. म्हणजे कातडीचा दाह. त्यात या जखमा."

"बाई, कातडीची आग होतेय हे मीच तुम्हाला सांगितलं."

"तुम्ही सांगितलंत, मी कागदावर लिहिलं. शास्त्र म्हणतात ते हेच."

इसिदोरोसला हे पटलं. त्याने विचारलं, "कशामुळे झालं?"

"त्या पावडरीमुळे. क्रोमियम असतं त्यात."

"क्रोमा म्हणजे रंग."

"रंगाचंच नाव पडलंय त्याला. वासराच्या कातड्याचं जे करतं तेच ते तुमच्या कातड्याचं करू पाहतंय. फरक एवढाच की वासरू मेलेलं असतं."

त्यांनी मलम दिलं, दंडात सुई टोचली, आणि रबरी हातमोज्यांशिवाय त्या हौदात हात घालायचा नाही असं बजावलं. इपो म्हणजे खाली, सुई कातडीच्या खाली जाते म्हणून तिला इपोदेर्मिकी म्हणतात, हेही सांगितलं. "मांसाच्या बाजूने," इसिदोरोस म्हणाला. बाईंनी तेही लिहून घेतलं.

तो घरी पोचायच्या आधी बातमी पोचली होती. झाबेता दारातच उभी होती.

"त्या बाईच्या घरात काय करत होतास?"

"कातडं दाखवत होतो."

"कुणाचं?"

"माझं."

"इसिदोरोस, मी तुला सोलून काढीन."

पण आधी ती डॉक्टरीणबाईंकडे गेली आणि दीड तासाने परत आली. हातात मलमाची डबी होती, कारण राखेच्या पाण्यात कपडे धुऊन तिच्याही कोपरांना भेगा पडल्या होत्या. "चांगली बाई आहे," ती म्हणाली. "ती सांगत होती, देर्मा हा शब्द सोलणे या जुन्या शब्दावरून आलाय. अंगावरून सोलून निघतं ते देर्मा. आणि आपण मारण्याला जो शब्द वापरतो, तोही त्यातूनच निघालाय. मी म्हटलं, बाई, माझ्या घरात दोन्ही अर्थ चालू आहेत."

झाबेता जाऊन आली म्हटल्यावर बाईंच्या घराची अब्रू राहिली. पांदेलिस दुसऱ्या दिवशी शेळीचं कातडं घेऊन गेला, मग बाकीचे. कातडं न घेता जायला मात्र कुणी धजेना. महिन्याभरात बाईंच्या खुर्चीला, स्टुलाला, तपासायच्या पलंगाला आणि शेवटी दरवाजालाही चामडं लागलं. चौदा कामगारांपैकी अकरा जणांच्या हातांना भोकं निघाली.

बाईंनी लिकुर्गोसला हातमोज्यांसाठी पत्र लिहिलं. त्याने निरोप पाठवला की त्याच्या हातांना काहीही झालेलं नाही. हे खरंच होतं. त्याने हौदात हात कधी घातलाच नव्हता. पांदेलिस त्याला पाखिदेर्मो म्हणायला लागला. जाड कातडीचा. हत्तीला शास्त्रात हेच म्हणतात असं बाईंकडून कळल्यावर लिकुर्गोसला त्यात बरंच वाटलं, असं म्हणतात.

मग बाईंनी वाचनालयात व्याख्यान ठेवलं. सगळा गाव आला, पहिल्या रांगेत लिकुर्गोस आणि त्याची बायको. बाई घाबरल्या होत्या, त्यामुळे पुस्तकी भाषेत बोलायला लागल्या. स्क्लिरोदेर्मिया हा शब्द आल्यावर मागून एकाने विचारलं, "म्हणजे कडक कातडं? ते तर बुटाच्या तळाला उत्तम." लोक हसले. बाईंचा कागद खाली पडला.

इसिदोरोस उठला. उठताना त्याने पुढे काय करायचं हे ठरवलेलं नव्हतं. मालक त्याच्याकडे पाहत होता. तो पुढे गेला, हातांची फडकी सोडली आणि हात टेबलावर ठेवले, बाजारात माल ठेवतात तसे.

"हे वरचं कातडं," तो म्हणाला. "हे इथे नाही. हे मधलं. हेही इथे नाही. त्याच्या खाली मी आहे. असलं भोक पडलेलं कातडं मालक स्वतः बाजूला काढतात, विकत घेत नाहीत." त्याने हात तसेच टेबलावर राहू दिले. मग पांदेलिस आला आणि त्याच्याशेजारी आपले हात ठेवले. हळूहळू टेबलावर जागा उरली नाही.

लिकुर्गोसची बायको उठली, टेबलाजवळ गेली आणि एकेक हात पाहत शेवटपर्यंत गेली. मग नवऱ्याला म्हणाली, "घरी चल."

आठवड्याने पिरेउसहून हातमोज्यांची पेटी आली. सगळ्यांना एकाच मापाचे, मोठे. इसिदोरोसची भोकं वर्षभरात भरली आणि गोल पांढरे डाग राहिले. अंगठा मात्र पूर्ण मिटला नाही. तो सुरी दोन बोटांत धरायला शिकला.

दोन वर्षांनी बाईंची अथेन्सला बदली झाली. त्यांनी खुर्ची नेली, दरवाजा ठेवून गेल्या. त्रेसष्ट साली कारखाना बंद झाला आणि इसिदोरोस सासऱ्याची द्राक्षं सांभाळायला लागला. त्या हिवाळ्यात त्याला टपालाने एक छापील निबंध आला. तळटीपेत लिहिलं होतं की कातडीच्या थरांबाबत चर्मकार इ. वुर्लिओतिस यांचं साहाय्य झालं.

कॉफीच्या दुकानात त्याने तो तीन दुपारी वाचला. मोठे शब्द सगळे कळले. लहान अडले, कारण ते अतिशुद्ध जुन्या भाषेतले होते.

"काय लिहिलंय?" पांदेलिसने विचारलं.

"आपल्या हातांना भोकं पडली होती, असं लिहिलंय."

"एवढी पानं?"

"चित्रं आहेत," इसिदोरोस म्हणाला आणि त्याच्यासाठी पान उलटलं.