अनुमोदनवाले भाऊजी

आमच्या समोरच्या घरात खाली सोफे-खुर्च्या शिवायचं दुकान आहे आणि वर ते शिवणारे भाऊजी राहतात. गल्लीत त्यांना सगळे सोफेवाले म्हणतात. सार्वजनिक ग्रंथालयात मात्र त्यांचं नाव 'अनुमोदन' पडलं होतं, आणि बरीच वर्षं ते त्यांना एकट्यालाच ठाऊक नव्हतं.

ग्रंथालयाच्या मंडळावर ते कसे गेले, तर खुर्च्यांमुळे. वाचन-दालनातल्या खुर्च्यांची कापडं त्यांनी बदलून दिली, नेमकी तेव्हाच मंडळातली एक जागा रिकामी झाली. अध्यक्षबाई दातांच्या डॉक्टर आहेत. त्या म्हणाल्या, "वाचणाऱ्यांची बैठक ओळखणारा माणूस मंडळात हवाच." भाऊजींना वाटलं, बाई गंमत करताहेत. पुढच्या आठवड्यात सभेचं बोलावणं आलं तेव्हा त्यांनी नवा शर्ट शिवायला टाकला.

"मंडळ करतं काय हो नेमकं?" मी एकदा विचारलं होतं.

"पुस्तकं देणं-घेणं ग्रंथपालबाई बघतात. पैसा कुठे घालायचा, नियम काय ठेवायचे, दार कधी उघडायचं, कधी लावायचं, ते आम्ही सात जण ठरवतो."

"आणि तुम्ही?"

"मी अनुमोदन देतो."

अगदी खरं सांगितलं होतं त्यांनी. मंडळाची रीत अशी की एकानं ठराव मांडला की दुसऱ्यानं 'अनुमोदन' म्हणायचं. म्हटल्याशिवाय ठराव पुढे सरकत नाही. भाऊजींना ठराव मांडल्यानंतरची ती शांतता सोसत नाही. मांडणारा माणूस बिचारा सगळ्यांच्या तोंडाकडे बघत बसतो, दारात आलेल्या पाहुण्याला कुणी 'या' म्हणू नये तसं त्यांना वाटतं. मग ते पटकन म्हणून टाकतात. अनुमोदन दिलं की मतासाठी हातही वर करतात, कारण बोलावलेल्या पाहुण्याला नंतर हाकलायचं कसं? बाकीच्या सहा जणांना त्याची इतकी सवय झाली की तो शब्द उच्चारायचा असतो हेच ते विसरले.

हे मी ऐकीव सांगत नाही. सभा सगळ्यांना खुली असते, मागच्या बाकावर बसून ऐकता येतं. तिथे बहुतेक वेळा मी एकटीच असते. टीव्ही घरीही आहे, पण त्यात ओळखीची माणसं नसतात.

तर यंदाच्या अंदाजपत्रकाची सभा. अनुदान कमी झालेलं, सगळ्यांचे चेहरे लांब. खजिनदारसाहेबांनी शेवटचा विषय वाचला: "सेवावेळांच्या पुनर्रचनेतून आस्थापना खर्चात बचत करणे." भाऊजी तेव्हा आपल्याच खुर्चीच्या बुडाखाली हात घालून सैल झालेला पट्टा चाचपत होते. खजिनदारांचा आवाज थांबला आणि शांतता पडली.

"अनुमोदन," खुर्चीखालून आवाज आला.

मंडळातल्या एक शिक्षिकाबाई आणि आणखी दोघं विरोधात काहीतरी बोलले. पण चहा आला होता, आणि भाऊजींना पट्ट्याचा खिळा सापडला होता. हात वर झाले. चार विरुद्ध तीन. चौथा हात भाऊजींचा, आणि त्यात तो खिळा.

खजिनदारांच्या त्या लांबलचक वाक्याचा साध्या भाषेत अर्थ एवढाच होता, की पुढच्या महिन्यापासून ग्रंथालय संध्याकाळी बंद.

आता भाऊजींच्या घरात संध्याकाळी काय चालतं, ते ऐका. खाली बाप-लेक ठोकाठोकी करतात, कारण दिवसभर गिऱ्हाईक आणि मोजमापं, खरं काम दिवे लागल्यावर. वर पातेल्यातली पळी नाचते. त्यांची सून चष्म्याच्या दुकानात फ्रेमा विकते. तिला नुसत्या फ्रेमा विकायच्या नाहीत, डोळे तपासून नंबर काढायचाय. त्यासाठी परवान्याची परीक्षा. एकदा नापास झाली, आणि आता शेवटची संधी. परीक्षेची जाडजूड पुस्तकं ग्रंथालय घरी देत नाही, तिथेच बसून वाचायची. तोही नियमच, आणि त्यालाही अनुमोदन आमच्याच भाऊजींचं. पोर दुकानातून सुटली की थेट ग्रंथालयात जायची आणि दिवे मालवेपर्यंत बसायची.

बातमी शिळी होऊ देणं माझ्यानं होत नाही. सभा संपली तशी मी वाटीभर साखर मागायला समोर गेले.

"काय वहिनी, सूनबाईंच्या अभ्यासाची नवी व्यवस्था केली वाटतं? ग्रंथालय संध्याकाळी बंद होणार म्हणे. भाऊजींनीच तर अनुमोदन दिलं."

वहिनींच्या हातातला पोळपाट हातातच राहिला. सून मोजे काढत होती, ती तशीच एक मोजा हातात घेऊन बाहेर भाऊजींसमोर आली.

"बाबा, खरं?"

"छे, छे! तो खर्चाचा विषय होता. पुनर्रचना."

"कसली पुनर्रचना?"

भाऊजींनी माझ्याकडे बघितलं. मी साखरेकडे.

"तुम्हाला ठाऊक नाही आणि हात वर केलात?" वहिनी म्हणाल्या. "लग्नात मला होकार दिलात तोही असाच का?"

सून मात्र हसली नाही. "बाबा, दुकानातली ठोकाठोकी थांबवा असं मी कधी म्हटलं? नाही म्हटलं. कारण जायला जागा होती." एवढंच बोलून ती आत गेली. भांडली असती तर बरं झालं असतं, असं भाऊजी मला नंतर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सासरा-सून दोघं ग्रंथपालबाईंपुढे उभे. बाईंनी नियम सांगितला. संमत झालेला विषय पुढच्या सभेत एकदाच पुन्हा काढता येतो, पण ज्यानं ठरावाच्या बाजूनं मत दिलं त्यानंच तो काढायचा. विरोधातल्या तिघांना तो काढता येणार नाही. उरले चार जण, आणि त्यातल्या तिघांना पुन्हा काढण्याची काही हौस नव्हती.

"म्हणजे मी," भाऊजी म्हणाले.

"म्हणजे तुम्हीच. आणि हे बघा, मी दोन पर्याय लिहून दिले होते. दुसरा कुणी वाचायलाच सांगितला नाही. पहिल्याला तुमचं अनुमोदन फार लवकर आलं."

पुढच्या सभेपर्यंत आमच्या गल्लीत ठोकण्याचा आवाज जरा हळूच येत होता. भाऊजी आरशासमोर वाक्य पाठ करायचे. खिडकी उघडी असल्यामुळे मलाही ते पाठ झालं. भीती कशाची, तर सगळ्यांसमोर 'मला कळलं नव्हतं' हे म्हणण्याची. शिकलेल्या माणसांत बसायला मिळालं म्हणून ज्यानं शर्ट शिवला, त्याला ते म्हणायचं होतं.

सभेला यावेळी मागच्या बाकावर दोघी होतो, मी आणि सून.

भाऊजी उठले. पाठ केलेलं वाक्य विसरले. "मागच्या खेपेला शेवटच्या विषयाला मी अनुमोदन दिलं," ते म्हणाले. "मी ऐकत नव्हतो. खुर्ची बघत होतो. संध्याकाळ बंद होणार हे मला घरी जाऊन कळलं. तो विषय पुन्हा घ्यावा आणि ग्रंथपालबाईंचा दुसरा पर्याय ठेवावा, असा माझा ठराव आहे."

आणि खाली बसले.

शांतता. सहाही जण भाऊजींकडे बघत होते. भाऊजी त्या सहा जणांकडे. घड्याळ ऐकू यायला लागलं. सुनेनं माझं मनगट धरलं. मला वाटलं, संपलं, कुणालाच नको आहे. अध्यक्षबाई वाट बघताहेत, शिक्षिकाबाई पेन धरून वाट बघताहेत, आणि वाट बघताहेत ती भाऊजींच्याच आवाजाची! इतक्या वर्षांत तो शब्द दुसऱ्या कुणी उच्चारलाच नव्हता.

शेवटी भाऊजीच कळवळून म्हणाले, "अहो, ठराव माझाच आहे. मला नाही देता येत!"

शिक्षिकाबाई दचकल्या. "अनुमोदन! अनुमोदन!" दोनदा म्हणाल्या, एकदा पुरतं ते त्यांना माहीत नव्हतं.

मग खजिनदारसाहेब उठले. "एक हरकत आहे. यांची सून संध्याकाळी तिथे अभ्यास करते. घरच्या फायद्याच्या विषयावर सदस्याला मत देता येत नाही."

"खरं आहे," भाऊजी म्हणाले. "नाही देत." आणि मग अगदी साळसूदपणे, "बाई, तुमचा दुसरा पर्याय काय होता तो?"

ग्रंथपालबाईंनी वाचला. आठवड्यातून तीन दिवस सकाळी बंद ठेवायचं आणि त्या तीन दिवशी संध्याकाळी उघडं. खर्च तेवढाच वाचतो. बाकीचे दिवस फक्त सकाळ.

"सकाळी कोण असतं तिथे?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

ग्रंथपालबाई पाण्याचा पेला उचलून पाणी प्यायल्या. मागच्या बाकाला बोलायची परवानगी नसते, पण खोकायची असते, मी खोकले. सकाळी पंख्याखालची खुर्ची आणि सगळी वर्तमानपत्रं कुणाकडे असतात हे अख्ख्या गावाला ठाऊक आहे. अध्यक्षबाईंनी खजिनदारांकडे नुसतं बघितलं, दात तपासताना बघतात तसं.

"मीही मत देत नाही," खजिनदारसाहेब म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले.

मागच्या वेळच्या चार हातांतले दोन गेले. तीन विरुद्ध दोन, दुसरा पर्याय संमत. चहा आला.

तर आता ग्रंथालय आठवड्यातून तीन संध्याकाळी उघडं असतं. उरलेल्या संध्याकाळी काय, हा प्रश्न भाऊजींनी मंडळात नेला नाही. त्या दिवशी दुकानातली हातोडी खुंटीवर असते आणि बाप-लेक कापड कापायचं, शिवायचं बिनआवाजाचं काम करतात. गिऱ्हाइकांची कामं लांबतात. माझाच सोफा तिथे पडून आहे. मी जाऊन विचारलं की भाऊजी तोंडावर बोट ठेवतात आणि वरच्या खिडकीकडे दाखवतात.

परीक्षा व्हायची आहे अजून. सभेत मात्र एक फरक पडलाय. कुणी ठराव मांडला की भाऊजी आधी दोन्ही हात टेबलावर ठेवतात आणि विचारतात, "म्हणजे काय होणार, ते साध्या भाषेत सांगा." सभा त्यामुळे लांबतात. खजिनदारसाहेब वैतागतात. चहा गार होतो.

सकाळी मीही तिथे मासिकं वाचायला जाते, त्याचं मात्र कुणी विचारलं नाही. तीन दिवस माझंही दार बंद झालंय. मत असतं तर मी कुठल्या बाजूनं हात वर केला असता, ते विचारू नका.