खिडकीसमोर कपाट नको

आत्याने भावाशी भांडून घर घेतलं, अशी गल्लीत बोलवा होती. किराणा दुकानदाराला म्हणे भांडी आपटल्याचंही ऐकू आलं होतं. सगळ्या थापा. भांडायचं तर समोरच्याला 'नाही' म्हणावं लागतं, आणि मोठ्या भावापुढे आत्याच्या तोंडून जन्मात एकच वाक्य निघालेलं: "बरं, दादा." तेही हळू, शेवटचा 'दा' गिळून.

उलट घर घ्यायचा लकडा तिच्या दादाने, म्हणजे माझ्या बाबांनीच लावला होता. आत्या पडदे शिवते. दिवसभर लोकांच्या खिडक्या मोजायच्या आणि संध्याकाळी आमच्या मधल्या खोलीत यायचं, जिला खिडकीच नाही. बाबा म्हणाले, "छोटंसं घर घे, भाड्याने दे. म्हातारपणी कुणापुढे हात पसरायला नको."

"बरं, दादा."

भिंतीला भिंत चिकटलेल्या घरांची एक रांग होती, त्यातलं मधलं घर ती बघून आली. बाबांनी उलटतपासणी घेतली.

"नळाला पाणी कसं आहे?"

"मागची खिडकी चांगली रुंद आहे."

"छत गळतं का?"

"वरची खिडकी जरा तिरकी आहे. झालर लावली की कळणार नाही."

"अगं, बाथरूम तरी आहे ना?"

आत्या विचारात पडली. "असेल की. एक बारकी खिडकी होती."

बाथरूम निघालं, नशीब. घर झालं. बाबांनी भाडेकरूही शोधला. सज्जन माणूस, कारकून. घर बघताना तो मागच्या खिडकीपाशी थांबला आणि म्हणाला, "इथे कपाट छान बसेल."

आत्याने खिडकीकडे पाहिलं. दुपारचं ऊन फरशीवर आडवं पसरलं होतं. तिथे कपाट आलं की ही खोली कशी होईल, ते तिला कुणी सांगायला नको होतं.

"घर द्यायचं नाहीये," ती म्हणाली आणि स्वतःच दचकली.

घरी आली आणि ताटासमोरच भाड्याचा हिशोब करत बसली. दादाचं चुकत नव्हतं. सुईत दोरा आणखी किती वर्षं ओवता येईल? ते भाडं म्हणजे तिचं म्हातारपण होतं. पण तोवर त्या बिनखिडकीच्या खोलीतच राहायचं?

"तू बाबांना सांगणार?" मी म्हटलं. "पैज! त्यांनी आवाज चढवला की लगेच..." आणि मी तिचं "बरं, दादा" करून दाखवलं, गिळलेल्या 'दा'सकट.

आत्या पोट धरून हसली. "लाव पैज. हरलीस तर माझी शिलाई मशीन तिकडे तूच उचलून न्यायची."

दुसऱ्या दिवशी बाबा कडाडले, "आलेल्या माणसाला परत पाठवलंस? बोलावतो त्याला पुन्हा!"

आत्याने ओठ मिटले, आता 'बरं'चा 'ब' येणार. मी मनातल्या मनात जिंकले होते.

"नको बोलावूस, दादा. तिथे मी राहणार आहे."

"आणि पुढे खाशील काय?"

"हात चालतात तोवर शिवीन. मग वरची खोली भाड्याने देईन. खालची माझी."

बाबा एकदम बारीक आवाजात म्हणाले, "जेवायला तरी येशील ना इकडे?"

"रविवारी येईन."

मशीन अस्सल लोखंडी आहे. ती उचलून मी धापा टाकत चालले होते आणि आत्या रिकाम्या हाताने पुढे चालत, हुबेहूब बाबांच्या आवाजात ओरडत होती, "सरळ धर! भिंतीला लागेल!"