हजर: जनार्दन तामोरे

सिक्युरिटी ऑफिसर राणे यांनी तेच नाव पुन्हा वाचलं. "जनार्दन तामोरे." कोणी ओ दिली नाही.

तारापूर एमआयडीसीतल्या आमच्या केमिकल कारखान्यात त्या सकाळी गॅसगळतीचा भोंगा झाला होता. सगळे गेटबाहेर जमलो होतो. अशा वेळी गेटवरच्या कॉम्प्युटरवरून आत असलेल्यांची यादी काढायची आणि नावं पुकारायची. जो ओ देत नाही, तो आत अडकला असं धरायचं. त्या दिवशी ओ न देणारा एकच होता, आणि तो आदल्या वर्षी समुद्रात गेला होता. सुट्टीच्या दिवशी भावाबरोबर बोटीवर गेला, घिवलीसमोर बोट उलटली. भाऊ पोहून आला. जनार्दन सापडलाच नाही.

त्याची बायको सुमन आमच्या कँटीनमध्ये होती. ती पुढे आली, हाताला कणीक तशीच.

"साहेब, कवा आले ते?"

राणे घुटमळले. "सकाळच्या शिफ्टला. तसं दिसतंय इथे."

"मंग आत हायत ते." आवाज अगदी साधा होता.

कॉम्प्युटर विभाग माझ्याकडे होता. आदल्या दिवशीच सर्व्हरची डिस्क गेली होती आणि टेपवरच्या बॅकअपवरून आम्ही डेटाबेस परत उभा केला होता. डेटाबेसमधली टेबलं एकमेकांवर अवलंबून असतात. एका टेबलात कामगाराचा नंबर आणि नाव. दुसऱ्यात नंबर आणि हजेरी. हजेरीत नाव नसतंच, नंबर धरून ते पहिल्यातून येतं. म्हणून दोन्ही एकाच वेळच्या बॅकअपमधली हवीत. पण नावांची ताजी टेप खाऱ्या हवेने बुरशी धरून बसली होती. हेड ऑफिस म्हणालं, दोन वर्षांपूर्वीची जुनी लावा. ज्या नंबरांना नाव सापडेना तिथे मशीन अडलं, ती नावं आम्ही हाताने भरली. मग तपासणी केली. एरर शून्य.

प्लँट मॅनेजर सामंत साहेबांनी मला बाजूला घेतलं. "मॅडम, मेलेल्या माणसाला शोधायला मी जिवंत माणसं गॅसमध्ये पाठवू?"

"साहेब, नाव जुनं आहे. पण हजेरीचं कार्ड आज सकाळी कोणीतरी लावलंय."

"कोणी?"

"जनार्दनचा नंबर नंतर ज्या नव्या माणसाला दिला असेल त्याने. त्याचं नाव यादीत नाही, म्हणून त्याला कोणी पुकारलंच नाही."

साहेबांनी सुमनकडे पाहिलं. मग फायरच्या माणसांना मास्क चढवायला सांगितलं.

आम्ही शेडच्या दाराकडे बघत उभे राहिलो. तिथून जनार्दन येणार नाही हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी डोळ्यांसमोर त्याचाच चेहरा येत होता.

बऱ्याच वेळाने स्ट्रेचर आलं. माणूस बेशुद्ध, तोंडावर ऑक्सिजनचा मास्क. सुमन धावली नाही, चालत गेली. तिने त्याच्या पायांकडे पाहिलं, मग हातांकडे.

"हे नाय," ती म्हणाली. पण ॲम्ब्युलन्सचं दार लागेपर्यंत तिने स्ट्रेचरची कड सोडली नाही.

तो रामप्रसाद. सरावलीत राहणारा, त्याच आठवड्यात लागलेला, मागच्या बाजूला एकटाच ड्रम धुणारा. त्याला अजून कोणी ओळखतही नव्हतं. वाचला. पुढे कामावरही आला.

दुपारी मी नाव दुरुस्त केलं. सुमन दारात येऊन उभी होती.

"पुसलं का?"

"हो."

"बरं केलंत," म्हणाली आणि कामाला गेली.

त्यानंतर सगळ्या टेबलांचा बॅकअप एकदम, एकाच संचात घ्यायचा असं ठरलं. गेलेल्या माणसाचा नंबर कोणाला द्यायचा नाही, हेही. एरर शून्य याचा अर्थ एवढाच, की प्रत्येक नंबराला कुठलंतरी नाव मिळालं. ते कोणाचं, हे मशीन बघत नाही.