अब्बांचा अरब पूर्वज

आमचा मूळपुरुष अरब. त्याचं खजुराचं गलबत रत्नागिरीच्या किनाऱ्याला फुटलं आणि तो तिथेच राहिला, असं अब्बा सांगत. माझ्या लहानपणी तो साधा खलाशी होता. मी दहावीत जाईपर्यंत व्यापारी झाला, आणि माझ्या लग्नाचा विषय निघाला तेव्हा थेट सरदार. मेल्यावर एवढी बढती दुसऱ्या कुणाला मिळाली नसेल.

नव्वदच्या दशकात आखातातल्या रास अल खैमात आमचं किराणा दुकान होतं. तिथल्याच सिमेंट कारखान्यातल्या एका फोरमनची मुलगी मला आवडली होती. माणसं रत्नागिरीचीच, पण पिढ्यान्‌पिढ्या मासे मारणारी. "अरबांच्या खानदानात जाळंवाल्यांची पोर? खलास!" अब्बा म्हणाले. त्यांच्याकडून आलेली सुरमईसुद्धा परत पाठवली. मी दोन वर्षं विनवत आणि धुमसत राहिलो.

मग एका गिऱ्हाइकानं सांगितलं, की किनाऱ्यालगत आमच्याच आडनावाचं अरब घराणं आहे. अब्बांनी अत्तर लावलं, मिठाईचा डबा घेतला. "यल्ला, गाडी काढ. आपल्या माणसांकडं जायचंय."

घरातला म्हातारा दिलदार होता. मोडक्या हिंदीत त्यानं 'बैठो, बैठो' केलं. इवल्याशा कपात अरबी कॉफी आली. अब्बा पीत गेले, नोकर ओतत गेला. पुरे म्हणायला कप हलवायचा असतो, हे अरबी रक्ताला काही आठवेना. इतकी वर्षं आम्ही अरबांना पाव-दूध विकलं होतं, पण त्यांच्या घरात पाऊल पहिल्यांदाच टाकत होतो. शेवटी म्हाताऱ्यानंच मनगट हलवून दाखवलं.

मग अब्बांनी सरदाराची गोष्ट सांगितली. म्हातारा पोट धरून हसला.

"कौन सरदार, हबीबी? इधर क्या था? रेती और पानी. हमारा दादा, उसका दादा, सब मछली पकड़ता था. तुम हमारा आदमी है, तो तुम्हारा भी पकड़ता होगा!"

परतताना अब्बांचा ताठा उतरला होता. मला आनंद झाला होता, आणि संतापही. माझ्या दोन वर्षांच्या विनवण्यांनी जे झालं नाही, ते एका परक्या म्हाताऱ्याच्या हसण्यानं झालं होतं. घराजवळ आल्यावर त्यांनी विचारलं, "त्या पोरीचा बाप शुक्रवारी घरी असतो ना?"

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. निकाहच्या जेवणात अब्बा पाहुण्यांना छाती फुगवून सांगत होते, "सोयरीक बरोबरीची आहे. आम्ही अस्सल अरब, पूर्वापार मासेमारीतले."

शेजारी बसलेल्या माझ्या सासऱ्यांनी त्यांच्या ताटात सुरमईचा आणखी एक तुकडा वाढला.